बेटावरची महागाई सोसत राहावे, की मुख्य भूमीवर जावे?

आपण विचारले आहे की, बेटावर किराणा, वीज, गॅस आणि घरभाडे यांतच पगार संपतो, मुख्य भूमीवर याहून बऱ्या पगाराची नोकरी चालून आली आहे, घरात दोन लहान मुले आहेत आणि पत्नीचे मन मात्र बेट सोडायला तयार होत नाही. अशा वेळी काय करावे. प्रश्नाखाली आपण दोन्हीकडच्या मासिक खर्चाचा तक्ताही जोडला आहे. तो तक्ता पाहूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण अगदी तसाच तक्ता आमच्या घरात एकदा मांडला गेला होता आणि त्यावरून पेटलेला वाद आजही मिटलेला नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. निव्वळ वाणसामानाच्या दरांकडे पाहून बेट सोडू नये.

वस्तू महाग का असतात, हे बेटावर राहणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही एक बाब हिशेब मांडणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. मालाची बोट येताना भरून येते आणि जाताना बहुधा रिकामी जाते, त्यामुळे परतीच्या इंधनाचा खर्चही येणाऱ्या मालावरच चढतो. शिवाय खराब हवामानात वाहतूक बंद पडणार हे गृहीत धरून दुकानदाराला जास्तीचा साठा करावा लागतो, त्यात त्याचे पैसे अडकून पडतात आणि काही माल नासतो, तोही शेवटी आपल्याच बिलात येतो. कोठे कोठे कायद्याचाही भार असतो. अमेरिकेत 1920 च्या कायद्यानुसार देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी खलाशांचेच असावे लागते, आणि त्याची झळ हवाईसारख्या बेटांना बसते. तेथील वीजही प्रामुख्याने तेलावर तयार होत आल्यामुळे त्या देशातली सर्वांत महाग वीज आहे. स्कॉटलंडच्या दुर्गम भागांचा आणि बेटांचा 2013 साली अभ्यास झाला, तेव्हा किमान समाधानकारक राहणीमानासाठी तेथे ब्रिटनच्या इतर भागांपेक्षा 10 ते 40 टक्के अधिक खर्च येतो असे दिसले. तेव्हा आपली तक्रार खरी आहे, यात मला शंका नाही. माझा आक्षेप आपल्या तक्त्यात जे नाही त्याला आहे.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, हिशेबात अत्यंत चोख आहे. त्याने एका लांबट वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे बेटाचा आणि उजवीकडे मुख्य भूमीचा खर्च लिहिला होता. प्रत्येक नोंदीपुढे पावती टाचलेली होती. ती वही त्याने आईसमोर ठेवली तेव्हा समुद्र खवळण्याचे दिवस होते, बोटी बंद होत्या आणि आमच्या विहिरीवरचा पंप नेमका त्याच आठवड्यात बंद पडला होता. खाऱ्या वाऱ्याने बेअरिंग गंजून गेले होते. मोटर चालू केली की ती नुसती घुमायची, दांडा फिरायचा नाही. नवे बेअरिंग पलीकडच्या धक्क्यावर येऊन पडले होते आणि ते इकडे आणणारी बोट सुटत नव्हती. दादाने डाव्या बाजूला पंपाची दुरुस्ती, त्याचे वाहतूकभाडे आणि वाया गेलेले दिवस अशा तीन नोंदी केल्या आणि म्हणाला, "तिकडे मिस्त्री तासाभरात दारात येतो. इथे राहणे म्हणजे स्वतःच्या मुलांच्या भविष्यातून पैसे कापून समुद्राला देणे आहे."

पंप मात्र बोट येण्याच्या आधीच सुरू झाला. शेजारचे काका आयुष्यभर मासेमारीच्या बोटींची इंजिने दुरुस्त करत आले आहेत. त्यांनी आपल्या पडवीतल्या भंगारातून एका जुन्या मोटरचे बेअरिंग काढले, ते आमच्या दांड्यावर किंचित सैल बसत होते म्हणून पत्र्याची पातळ पट्टी कापून आत गुंडाळली, आणि गळकी जोडणी बंद करण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कात्रीने कापून बसवले. पाणी आल्यावर त्यांनी तासभर थांबून ते चाखून पाहिले, कारण छोट्या बेटाच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखे असते आणि पंप अधाशासारखा चालवला की खालचे खारे पाणी वर चढते. पंप दिवसातून किती वेळ आणि कोणत्या वेळी चालवावा हे त्यांनी वहिनीला समजावून सांगितले. या सगळ्याचे त्यांनी काहीही घेतले नाही. त्यांच्या नातवाला गणित वहिनीच शिकवत असे, आणि त्याचेही कोणी काही घेत नव्हते.

दादाच्या वहीत यातली एकही नोंद नव्हती. मी त्याला तेव्हाच म्हणालो की, पंपाचे नुकसान लिहिलेस तर काकांची मजुरीही जमेच्या बाजूला लिही, वहिनीची शिकवणीही लिही आणि तू बोटीवर असताना तुझी मुले कोणाच्या घरी जेवतात तेही लिही. त्याचे उत्तर होते की, ज्याची पावती मिळत नाही ते हिशेबात धरता येत नाही. मला ते उत्तर तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. पावती नाही म्हणून खर्च टळत नाही. बेट सोडल्यावर याच गोष्टी विकत घ्याव्या लागतात आणि तेव्हा त्यांची पावती अगदी व्यवस्थित मिळते.

दादा गेला. पगार वाढला हे खरे आहे, पण वाढीतला मोठा हिस्सा घरभाड्याने गिळला, धाकट्या मुलीला पाळणाघरात ठेवावे लागले, आणि कामाच्या जागी जाण्यायेण्यात त्याचे सकाळ-संध्याकाळचे तास खर्ची पडू लागले. मुलांना चांगली शाळा मिळाली, तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु "स्वस्त पडेल" म्हणून तो गेला होता आणि ते स्वस्त पडलेले नाही, एवढेच मला त्याच्याकडून ऐकायचे आहे. घरातल्या प्रत्येक कार्यात तो मला अजूनही विचारतो की, केवळ हट्टापायी किती दिवस राहणार.

हट्टाचाच मुद्दा असेल तर ट्रिस्टन दा कुन्याचे उदाहरण त्याने वाचावे आणि आपणही वाचावे. दक्षिण अटलांटिकमधल्या या एकाकी बेटावर 1961 साली ज्वालामुखी जागा झाला आणि तेथील सर्व लोकांना इंग्लंडला हलवण्यात आले. तेथे त्यांना घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, दुकाने आणि दवाखाने हाकेच्या अंतरावर आले. त्यानंतर परत जायचे की नाही यावर मतदान झाले, तेव्हा 148 जणांनी परतण्याच्या बाजूने आणि केवळ 5 जणांनी विरुद्ध मत दिले, आणि 1963 साली बहुतेक लोक बेटावर परतले. दोन्हीकडचे जगणे प्रत्यक्ष अनुभवलेल्या माणसांचा हा निर्णय आहे, त्यामुळे माझ्या दृष्टीने त्याचे वजन कोणत्याही तक्त्याहून अधिक आहे. पुढे त्यांच्यातली काही कुटुंबे पुन्हा इंग्लंडला गेली, हेही नोंदवायला हवे.

याउलट जी बेटे ओस पडली त्यांच्याकडे पाहिले तर तेथे किराण्याचा दर हे कारण दिसत नाही. स्कॉटलंडच्या सेंट किल्डावरच्या शेवटच्या 36 रहिवाशांनी 29 ऑगस्ट 1930 रोजी बेट सोडले, तेही आपल्याच अर्जावरून. तरुण माणसे आधीच निघून गेली होती, कष्टाची कामे करायला पुरेसे हात उरले नव्हते, आणि त्याच वर्षी एक तरुण स्त्री आजारपणात दगावली होती. आयर्लंडच्या ग्रेट ब्लास्केटवर एक तरुण मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेल्या सुजेने, आजारी पडला आणि खवळलेल्या समुद्रामुळे त्याच्यापर्यंत डॉक्टर पोहोचू शकला नाही. ते बेट 1953 साली रिकामे झाले. म्हणून मी आपल्याला सांगेन की, तांदूळ आणि तेलाच्या दरांची तुलना बाजूला ठेवा आणि वाईट हवामानात आपल्या घरापासून डॉक्टर किती तासांवर आहे, शाळेत किती मुले उरली आहेत आणि आपल्या वयाची किती कुटुंबे पुढची दहा वर्षे येथे राहणार आहेत, हे लिहून काढा. या तीन उत्तरांतून आपला निर्णय बराचसा स्पष्ट होईल.

घरभाड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तेथे मी आपल्या तक्त्याशी पूर्ण सहमत आहे. बेटावर आज जगणे अशक्य होते ते घरामुळे. जमीन वाढत नाही, बांधकामाची प्रत्येक वीट आणि सिमेंटची प्रत्येक गोणी पाण्यावरून येते, आणि जी घरे आहेत ती पर्यटकांना रात्रीच्या दराने दिली जातात. कॅनरी बेटांवर 20 एप्रिल 2024 रोजी हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले, त्यांच्या मागण्यांमध्ये परवडणारी घरे हा मुद्दा अग्रभागी होता. हे वाचताना मला परक्या गुंतवणूकदारांपेक्षा आपलीच माणसे आठवतात. दादाने जाताना वडिलोपार्जित घरातला आपला अर्धा भाग पर्यटकांसाठी काढला. त्यापूर्वी ती जागा आमच्या शाळेच्या शिक्षिकेने वर्षभराच्या भाड्याने मागितली होती. तिला नकार मिळाला, कारण हंगामात त्याहून पुष्कळ अधिक उत्पन्न मिळते. बेट महाग झाले म्हणून सोडणारा माणूस स्वतःच ते अधिक महाग करून जातो आणि मागे राहिलेल्यांना हट्टी म्हणतो, याचा मला मनापासून राग आहे.

आता आपल्या निर्णयाकडे वळतो. नोकरी स्वीकारण्यापूर्वी आपल्या बेटाच्या रहिवाशांना मिळणाऱ्या सवलतींची पूर्ण माहिती काढा, कारण अनेकजण त्या घेतच नाहीत. स्पेन आपल्या बेटांवरच्या रहिवाशांना मुख्य भूमीच्या विमानभाड्यात 75 टक्के सूट देतो. स्कॉटलंडने 2008 पासून आधी प्रयोग म्हणून आणि मग व्यापक प्रमाणावर, तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल त्याच्या आधारावर बोटीचे भाडे ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडे असे काही नसेल तर दोन-चार कुटुंबांनी मिळून घाऊक माल मागवला तरी फरक पडतो. नवी नोकरी काही काळ घरून करता येईल का, हेही विचारून घ्या. तसे झाले तर पगार तिकडचा आणि शेजार इकडचा, अशी सोय होते. ते शक्य नसेल तर आधी एकट्याने जाऊन एक हंगाम काढा आणि त्या काळातल्या प्रत्येक खर्चाबरोबर प्रवासात गेलेले तासही लिहा. पत्नीचे मन तयार नाही, ही बाब आपण प्रश्नात जाता जाता लिहिली आहे. ती सर्वांत वर हवी होती, कारण बेटावरचा बिनपावतीचा व्यवहार बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात आणि त्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा नेमकी ठाऊक असते.

वरचे सगळे ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी आहे. घरात कोणाला नियमित डायलिसिस लागत असेल, गरोदरपण जोखमीचे असेल किंवा एखाद्या मुलाला येथे न मिळणाऱ्या विशेष शिक्षणाची गरज असेल, तर माझे काहीही न ऐकता लगेच जावे. घरमालकाने हंगामासाठी घर सोडायला सांगितले असेल आणि दुसरे मिळत नसेल, तर तेथेही राहण्याचा आग्रह मी धरणार नाही. कर्ज काढून किराणा भरण्याची वेळ आली असेल तरीही नाही.

आणि गेलातच, व मागे स्वतःचे घर राहत असेल, तर ते बेटावर वर्षभर राहणाऱ्या माणसाला द्या. लेखी करार करा, मुदत किमान एक शाळावर्ष ठेवा आणि विहीर, पंप व पाण्याच्या वेळा यांची माहिती त्या करारासोबतच लिहून द्या. उत्पन्न कमी मिळेल, पण परत यावेसे वाटले तर शाळा चालू असेल आणि पंप दुरुस्त करणारा शेजारी जागेवर असेल. आमची शिक्षिका अजूनही रोज पहिल्या बोटीने येते आणि बोटी बंद असल्या की वर्ग भरत नाहीत, हे दादाला मी अनेकदा कळवले आहे. जागा पर्यटकांसाठी देण्याचा त्याचा करार या वर्षअखेरीस संपतो आहे आणि ती जागा तिलाच द्यावी, असे मी त्याला पुन्हा लिहिणार आहे.