ऑनलाइन दुकानात बुटांचे माप

प्रश्न : आमच्या वेबसाइटवरून गेलेले पुरुषांचे बरेच बूट माप न जुळल्याने परत येतात. मांडणीत काय बदलावे? (एक दुकानदार, कोल्हापूर)

उत्तर : नुसता ‘८’ हा आकडा गिऱ्हाइकाला चकवतो, कारण ब्रिटिश पद्धतीचा ८ नंबर अमेरिकी पद्धतीत साधारण ९ होतो आणि ब्रिटिश मापात दोन नंबरांमधले अंतर जेमतेम साडेआठ मिलिमीटर असते. म्हणून प्रत्येक नंबरापुढे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी. टाच भिंतीला टेकवून, कागदावर उभे राहून दोन्ही पाय मोजायला सांगावे आणि मोठे माप धरावे. संध्याकाळी मोजलेले बरे, दिवसभरात पाय किंचित सुजतात. चवड्याची रुंदी सांगायला मात्र दुकानदार हमखास विसरतात! संपलेले नंबर आधीच फिके दाखवावेत. पैसे भरताना ते कळले, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.