ॲडमिशन झाली की लगेच लॅपटॉप? जरा थांबा ताई

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी बीबीएला लागली, भाचा मेकॅनिकलला, कॉलेज सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत आणि दुकानदाराने दोघांनाही ६५ हजारांचा गेमिंग लॅपटॉप दाखवलाय, तर आत्ताच घेऊन टाकावा का. मी इंदूरलाच एका प्रायव्हेट कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अठरा वर्षं काढलीत, म्हणून सरळ सांगतो, आत्ता काहीच घेऊ नका. महिनाभर दोघांनाही वही-पेन घेऊन जाऊ द्या.

लॅपटॉप लागतो, नाही असं नाही, पण तो घरी बसून करायच्या कामाला लागतो, असाइनमेंट, प्रोजेक्ट, पीपीटी वगैरे. वर्गात काय होतं ते मी रोज बघून राहिलोय. एका खोलीत साठ पोरं आणि सॉकेट दोन, तेही मागच्या भिंतीला, म्हणजे ज्याच्याकडे लॅपटॉप तो आपोआप शेवटच्या बाकावर, आणि शेवटच्या बाकावर बसून कोण अकाउंट्स शिकतंय सांगा. गेल्या पावसाळ्यात एकाने चार्जरची वायर दोन बाकांच्या मधून ताणून लावली होती, तास संपल्यावर कुणाचा तरी पाय अडकला आणि लॅपटॉप फरशीवर. बिजागरीच उखडली, स्क्रीन एका बाजूने लोंबत होती, आणि ते पोरगं ती तशीच दोन्ही हातांत धरून माझ्याकडे लॅबमध्ये आलं, जसं काही मी फेविक्विक लावून देणार होतो. दोन महिनेही झाले नव्हते घेऊन.

आता कुणीतरी इथे म्हणेलच की हाताने नोट्स काढल्या की जास्त लक्षात राहतं हे सिद्ध झालंय. एवढं सरळ नाहीये ते. २०१४ मध्ये अमेरिकेत म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांनी प्रयोग केला होता, त्यात टाइप करणारी मुलं लेक्चर शब्दन्‌शब्द उतरवत बसली आणि समजून उत्तर द्यायचे प्रश्न आले की मागे पडली. पण २०२१ मध्ये तोच प्रयोग दुसऱ्यांनी परत केला तर शब्दन्‌शब्द उतरवणं तसंच दिसलं, मार्कांमधला फरक काही दिसला नाही. मला त्यापेक्षा २०१३ चा कॅनडातला प्रयोग पटतो, त्यात वर्गात लॅपटॉपवर भलतंच काहीतरी करणाऱ्याचे मार्क तर कमी आलेच, पण ज्यांना त्याची स्क्रीन दिसत होती त्यांचेही कमी आले. हे मी आमच्या वर्गांत बघितलंय, एक जण क्रिकेट लावतो आणि मागची अख्खी लाइन स्कोअर बघते. शिवाय आपल्याकडे पेपर अजून हातानेच लिहायचा असतो, लिहायची सवय गेली की सेमिस्टरच्या शेवटी हात दुखतो म्हणून रडतात.

भाच्याचं वेगळं आहे. पहिल्या वर्षी इंजिनीअरिंग ड्रॉइंग बहुतेक ठिकाणी शीटवर हातानेच असतं, कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं, खरं काम नंतर. तेव्हा सॉलिडवर्क्स हे त्यातलं सॉफ्टवेअर लागलं तर ते विंडोजवरच चालतं, त्यामुळे कुणी मॅकबुक सुचवला तर हसून सोडून द्या. ऑटोकॅड हे दुसरं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, दर वर्षी फक्त रिन्यू करायचं. त्याला थोडं दमदार मशीन लागेल, १६ जीबी रॅम, पण ते दुसऱ्या वर्षी घेतलं तरी चालेल. मुलीला ८ जीबी रॅम आणि एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा बरीच वेगवान डिस्क) असलेला साधा हलका लॅपटॉप बास झाला, एक्सेल आणि पीपीटीला गेमिंग मशीन म्हणजे भाजी आणायला ट्रक. अडीच किलोचं धूड, वर विटेएवढा चार्जर, पाठ तिचीच दुखणार. कॉम्प्युटर सायन्सवाली मुलं असती तर मी पहिल्या सेमिस्टरलाच घ्या म्हटलं असतं.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो. मुलाची ॲडमिशन झाली त्याच आठवड्यात ऑफर संपतेय म्हणून घाईघाईत ४ जीबीचा, साधी हार्ड डिस्कवाला उचलला. चालू करायचा आणि चहा ठेवायचा, चहा उकळेपर्यंत डेस्कटॉप दिसायचा. शेवटी एसएसडी टाकली, रॅम वाढवली, तेव्हा कुठे चालला. लॅबवाल्याच्या घरात ही अवस्था!

बजेट कमी असेल तर सिल्व्हर मॉलला जाऊन ऑफिसातून निघालेले लेनोव्होचे जुने थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड लॅपटॉप बघा, मजबूत असतात. फक्त इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचाच घ्या, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या जनरेशनच्या आधीच्या बहुतेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ अधिकृतपणे चालवू देत नाही. दुकानातच अर्धा तास बसा, चार्जर काढून चालवा, आणि बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा म्हणा, त्यात नवी असताना किती क्षमता होती आणि आता किती उरलीय दोन्ही आकडे येतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला लावा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि हो, मुलगी एमपी बोर्डाची आहे का? बारावीला ७५ टक्के किंवा वर असतील तर लॅपटॉपसाठी सरकार २५ हजार रुपये देतं. अटी काय, यादीत नाव आहे का ते तिच्या शाळेत विचारून घ्या, आणि ते पैसे खात्यात येईपर्यंत तरी थांबाच.

भाच्यासाठी मिनी ड्राफ्टर, म्हणजे ड्रॉइंग शीटवर रेषा आखायचं साधन, मात्र नवा घेऊ नका. आमच्या माळ्यावर मुलाचा पडून आहे, एक स्क्रू ढिला आहे तेवढा आवळून देतो, रविवारी त्याला पाठवून द्या.