लॉन कापायचे किती घ्यायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. नोकरी सोडून आठ महिने झाले. एक मोवर म्हणजे गवत कापायचं मशीन, कडांसाठी एक ट्रिमर आणि एक जुनी गाडी एवढ्यावर लॉन मेंटेनन्सचं काम चालू केलंय. कामाला तोटा नाही, १७ लॉन आहेत, सुट्टी अशी नाहीच, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. रेट लावताना मी बाकीचे किती घेतात ते विचारलं आणि त्यापेक्षा थोडा कमी लावला. बायको म्हणते पगारावर होतास तेच बरं होतं. रेट नक्की कशावर ठरवायचा? चौरस मीटरवर, तासावर, की उक्तं सांगायचं?

उत्तर : वहिनींचं अर्धं तरी बरोबर आहे, कारण आत्ता तुम्ही पगाराशिवाय नोकरीच करताय आणि वर मशीनही स्वतःचं वापरताय. बाकीचे किती घेतात हे विचारून रेट लावला तिथेच घोळ झाला. त्यांचं मशीन केवढं, लॉन घराजवळ आहेत की गावभर पसरलेत, तो माणूस स्वतः तरी कमावतोय की तोही तुमच्यासारखाच चाचपडतोय, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. तुमच्यासारखाच कोणाला तरी विचारून त्यानेही थोडा कमी लावला असेल तर मग बघायलाच नको.

आधी एक काम करा. उद्या कुठल्याही एका लॉनवर जाताना घड्याळ लावा, पण मशीन चालू केल्यापासून नाही, गाडीची चावी फिरवल्यापासून. मी हा धंदा नऊ वर्षं केला आणि पहिल्या वर्षी हे कधीच केलं नव्हतं, मग एकदा वैतागून केलं ते एका ३०० चौरस मीटरच्या लॉनवर, ज्याला मी मनात "अर्ध्या तासाचं काम" म्हणायचे. वहीत काय निघालं ते सांगते. जायला १४ मिनिटं, मशीन उतरवायला ५, प्रत्यक्ष कापायला २४, ट्रिमरने कडा घ्यायला ११, पोती भरून फरशी झाडायला ९, परत चढवायला ६, आणि मालकीणबाईंच्या गुलाबावर कीड का पडते यावर चर्चा ८. झाली ७७ मिनिटं, आणि पैसे मी घेत होते ३० मिनिटांचे.

त्या २४ मिनिटांचीही गंमत बघा. ५० सेंमी रुंदीचं मशीन, दर फेरीला ५ सेंमी आधीच्या पट्ट्यावर चढवायचं म्हणजे हातात ४५ सेंमी, चालायचा वेग ताशी ४ किमी, तर कागदावर तासाला १८०० चौरस मीटर होतात आणि माझं लॉन १० मिनिटांत संपायला हवं. पण कागदावर वळणं नसतात, मशीनची गवताची पिशवी रिकामी करायची नसते, मध्ये झोपाळा नसतो आणि कुत्र्याने ठिकठिकाणी काय ठेवलंय ते बघत चालावं लागत नाही. त्यामुळे चौरस मीटरवर रेट सांगणाऱ्यांबद्दल मला जरा शंकाच असते. मोठ्या मोकळ्या मैदानाला तो ठीक आहे, घरगुती लॉनला नाही. सारख्याच मापाची दोन लॉन असतात आणि एकाला दुसऱ्याच्या दुप्पट वेळ लागतो, कारण एकात बारा झाडं, उतार, आणि गेट एवढं अरुंद की मोठं मशीन आतच जात नाही.

आता तासाचा हिशोब. आकडे कुठल्याही चलनातले समजा. तुम्हाला स्वतःला दिवसाचे १०० सुटायला हवेत, आणि गाडी, पेट्रोल, मशीनची झीज, ब्लेड, ट्रिमरची दोरी, विमा, फोन, पावसाने बुडालेले दिवस हे सगळं मिळून दिवसाला ४० पडतात. म्हणजे झाले १४०. इथे बहुतेक जण ८ तासांनी भागतात आणि साडेसतरा असा तासाचा रेट काढून खूश होतात. पण वरचं घड्याळ आठवा, दिवसाच्या ८ तासांतले गिऱ्हाइकाच्या आवारात जातात जेमतेम ५, बाकी रस्ता, फोन, कोटेशन, धार, पेट्रोलपंप यात जातात. १४० ला ५ ने भागा, २८ येतात. साडेसतरा आणि २८, हा जो फरक आहे ना तो तुमचा महिनाअखेरचा रिकामा खिसा.

आणि २८ ला फक्त खर्च निघाला, धंद्याला काही उरलं नाही. उद्या मशीन बसलं तर नवीन कशातून घेणार? २०% मार्जिन हवं असेल, म्हणजे घेतलेल्या पैशांतले २०% धंद्याला उरायला हवे असतील, तर १४० वर २०% चढवून १६८ करू नका, ती चूक मीही केलीये. १६८ मधले २८ म्हणजे १७% पण होत नाहीत. १४० ला ०.८ ने भागायचं, १७५ येतात, ५ तासांनी भागले की तासाला ३५. हा ३५ तुमच्या वहीत ठेवायचा, गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. त्याला तासाचा रेट सांगितला की तो खिडकीतून घड्याळ बघत बसतो, आणि तुम्ही चांगलं मशीन घेऊन काम लवकर उरकलंत तर उलट तुमचेच पैसे कमी होतात. त्याला सांगायचं उक्तं, एका व्हिजिटचे इतके, पण ते "इतके" तुमच्या ३५ मधून आलेले पाहिजेत.

झीज म्हणजे काय असं विचाराल म्हणून सांगते, लहान पेट्रोल मशीनचं ऑइल साधारण ५० तासांनी बदलायचं असतं, अगदी नवीन असेल तर पहिलं पाचच तासांनी, आणि ब्लेडला २०-२५ तासांनी धार लावायची. धार गेलेलं ब्लेड गवत कापत नाही, ओरबाडतं. दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरट तपकिरी दिसायला लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं की लॉनला रोग आला. मशीन जितके तास चालेल असं वाटतं तेवढ्या तासांनी त्याची किंमत भागा, त्यात ऑइल, धार, फिल्टर मिळवा आणि आलेला आकडा दर तासाला बाजूला काढा. वेगळ्या डब्यातच काढा, नाहीतर तो खर्च होतो, मी सांगतेय ना.

शेवटचं म्हणजे छोट्या लॉनला मिनिमम चार्ज ठेवा. ३० चौरस मीटरचं असलं तरी गाडी तेवढीच पळते आणि मशीन तेवढ्याच वेळा उतरतं. तुमच्या १७ मधली दोन-तीन अशी असणार, जी "चुटकीसरशी होतात" म्हणून जवळजवळ फुकटात घेतलेली. पहिला हात तिथे घाला.

प्रश्न : माझं एक गिऱ्हाईक दर वेळी म्हणतं शेजारी येणारा मुलगा निम्म्यात करतो. १०% तरी कमी कर म्हणतात. चांगलं गिऱ्हाईक आहे, सोडवत नाही. देऊन टाकू का?

उत्तर : द्यायच्या आधी कागद घ्या. तुम्ही १०० घेता आणि त्या गिऱ्हाइकामागे वेळ, पेट्रोल धरून ८० जातात, म्हणजे सुटतात २०. १० कमी केले की सुटतात १०, कमाई सरळ अर्धी. ती भरून काढायला तसंच अजून एक लॉन कापावं लागेल, म्हणजे सूट त्यांना आणि जादा घाम तुमचा. आता उलटं करून बघा, १० वाढवले तर सुटतात ३०, आणि तीन गिऱ्हाइकांतलं एक रागावून गेलं तरी दोघांचे मिळून ६० तेच राहतात जे आधी तिघांचे होते, शिवाय एक सकाळ मोकळी. हे गणित मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर मी घासाघीस करणाऱ्यांपुढे एवढी मान खाली घातली नसती.

रेट कमी करायचाच असेल तर काम कमी करून करा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे कापलेलं गवत. ते भरून न्यायच्या ऐवजी बारीक होऊन तिथेच पडू दिलं तर तुमची पोती, वजन, टाकायला जायची फेरी सगळं वाचतं, आणि लॉनचंही काही बिघडत नाही, उलट त्याला लागणाऱ्या नायट्रोजनचा साधारण पाव हिस्सा त्यातून परत मिळू शकतो. बारीक कापलेलं गवत बहुतेक पाणीच असतं, लवकर कुजतं. फक्त गवत फार वाढलेलं किंवा ओलं असेल तेव्हा गोळे पडतात, तेव्हा उचलावंच लागतं. तर त्यांना दोन रेट सांगा, गवत उचलून नेण्यासकट आणि तिथेच सोडून. निवड त्यांची, घासाघीस तिथेच संपते बऱ्याचदा. शेजारच्या मुलाबद्दल वाईट काही बोलू नका, तो परीक्षा आली की येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

प्रश्न : लोक म्हणतात दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांनी ये, म्हणजे आमचा खर्च अर्धा. मी तोच व्हिजिट रेट ठेवलाय पण दमायला होतं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : चुकतंय, तोच रेट ठेवलात ते. वाढीच्या दिवसात पंधरा दिवसांनी गेलात की गवत गुडघ्याला नाही तरी घोट्याला लागतं, मशीन दमतं, पिशवी दुप्पट वेळा भरते आणि काही ठिकाणी दोनदा फिरवावं लागतं. शिवाय एका वेळी गवताच्या पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नये हा जो नियम आहे तो मोडतो. ५ सेंमी ठेवायचं असेल तर साडेसात झालं की कापायला हवं, १२ सेंमीवरून एकदम ५ वर आणलं तर लॉन पिवळं पडतं आणि दोष येतो कापणाऱ्यावर. मी पंधरवड्याच्या व्हिजिटला साप्ताहिकच्या दीडपट लावायचे आणि ते का हे एकदा शांतपणे समजावून सांगायचे, निम्मे लोक मग स्वतःहून आठवड्यावर यायचे. गवत वाढत नाही त्या दिवसांत पंधराच काय महिन्याने गेलात तरी चालतं, तेव्हा हा दीडपटीचा हट्ट धरू नका.

आणि पहिली व्हिजिट, म्हणजे महिनोन्महिने कापलेलंच नाही असं जंगल, ती नेहमीच्या रेटमध्ये कधीही घेऊ नका. तिचा वेगळा रेट सांगा, तोही बघून आल्यावर. फोनवर "थोडंसंच वाढलंय" म्हणणाऱ्यांचं थोडंसं मी पाहिलंय, एकदा त्यात सायकल निघाली होती.

प्रश्न : महिन्याला ठरावीक रक्कम घ्यावी की व्हिजिटप्रमाणे? ठरावीक घेतली तर वाढ नसते तेव्हा लोक कुरकुरतात.

उत्तर : ठरावीक घेतलेली बरी, तुमचेही हप्ते, भाडं दर महिन्याला असतंच की. वर्षात किती व्हिजिट होतील ते आधी मोजा, समजा ३२, एका व्हिजिटचे ३० तर वर्षाचे ९६०, आणि महिन्याला ८०. कुरकुर टाळायची असेल तर हे ३२ कागदावर लिहून द्या, कुठल्या महिन्यात साधारण किती व्हिजिट तेही, म्हणजे कमी व्हिजिटचा महिना फुकटचा वाटत नाही.

पण एक खाच आहे ती बघा, मी यात चांगलीच पोळलेय. वाढीच्या चार महिन्यांत तुम्ही १६ व्हिजिट करता, म्हणजे ४८० चं काम, आणि हातात येतात ३२०. पाचव्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणालं आता बंद करा, की तुमचे १६० गेले आणि भांडायला हातात काही नाही. माझं एक गिऱ्हाईक दोन वर्षं लागोपाठ हेच करून गेलं, दुसऱ्या वेळी तर हसत हसत. तेव्हापासून मी एक ओळ लिहून घ्यायचे, मध्येच बंद केलं तर झालेल्या व्हिजिटच्या पूर्ण रेटने हिशोब होईल आणि फरक दोन्हीकडून चुकता केला जाईल. दोन्हीकडून असं लिहा, कारण मंदीच्या महिन्यात चालू करून मध्ये सोडणाऱ्याचे पैसे तुमच्याकडे जास्त जमा असतात, ते परत द्यावे लागतील. लोक त्या एका शब्दामुळे सही करतात.

खत, तणनाशक, कीटकनाशक हे सगळं मात्र या रकमेत घालू नका, माल आणि मजुरी वेगळी लावा. फवारणीला बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो, तो नसेल तर ते काम सांगून टाळा.

प्रश्न : जुन्या गिऱ्हाइकांचा रेट तीन वर्षं तोच आहे. वाढवायचं कसं सांगू? लाज वाटते.

उत्तर : सहा आठवडे आधी, लेखी, दोन ओळीत. अमुक तारखेपासून व्हिजिटचे इतके होतील, काम तेच राहील. पेट्रोल कसं महागलंय, घरी कोण आजारी आहे हे लिहू नका, कारणं दिली की समोरचा एकेक कारण खोडत बसतो. सगळ्यांना एकाच दिवशी पाठवू नका, ज्यांचं काम तुम्हाला सगळ्यात नकोसं आहे त्यांच्यापासून सुरू करा. ती गेली तर जागा मोकळी, राहिली तर निदान नीट पैसे देऊन राहतील, आणि तोपर्यंत हे वाक्य तोंडात बसलेलं असतं, आवडत्या गिऱ्हाइकाला सांगताना आवाज कापत नाही.