वाचकांचे प्रश्न : जुना वाडा आणि संत्र्याची वाइन

संत्र्याचे भाव पडले की घरच्या वाड्यात वायनरी काढण्याचा विचार वरूड-मोर्शी-काटोल भागातल्या अनेक घरांत सुरू होतो. त्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. यातल्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ वाइनमध्ये नाही, वाड्याच्या भिंतीत, फरशीत आणि तळघरात आहे.

प्रश्न : आमचा वाडा शंभर वर्षांच्या वरचा आहे. बाग तिघा भावांची. मागच्या कोठीत वायनरी काढायची आहे. आधी थोडी घरीच करून पाहिली तर चालेल का?
– एक संत्रा उत्पादक, मोर्शी (जि. अमरावती)

नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा (१९४९) परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा मुरवणं गुन्हा मानतो. फळांची वाइन त्यात येते. प्रयोग म्हणून केलेली एक बरणीही त्यातून सुटत नाही. चाचणी करायचीच असेल तर रसाची करा. वेगवेगळ्या झाडांचा रस काढून फ्रीजमध्ये २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. ज्याचा रस कडवट झाला, त्या झाडांचं फळ वाइनला घेऊ नका. निम्मा निर्णय इथेच होतो.

आता कागद. वाडा गावठाणात असेल तर सातबारा उपयोगाचा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा आणि गावाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही घ्या. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसांची नोंद करा. सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीसुद्धा. हा भाग लोक शेवटावर ठेवतात आणि तिथेच वर्ष जातं. मग जागेचा मोजमापासह नकाशा घेऊन राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात जा. कोणती खोली उत्पादनाला, कोणती साठ्याला आणि कुलूप कुठे, हे दाखवल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. घरच्या माणसांची ये-जा या खोल्यांतून नको, म्हणून रस्त्याकडून वेगळं दार असलेलीच बाजू निवडा. अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा लागतो.

अचलपूर, बाळापूर, लोणार अशा गावांत आणखी एक गोष्ट पाहा. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तुमचा वाडा स्मारक नसला तरी शेजारी ते असू शकतं.

प्रश्न : युरोपात किल्ल्यांच्या तळघरात पिढ्यान्‌पिढ्या वाइन ठेवतात. आमच्या वाड्यालाही तळघर आहे, उन्हाळ्यात गार वाटतं. मग थंड खोलीचा खर्च कशाला?
– वरूड (जि. अमरावती)

गार वाटणं आणि गार असणं यांत मोठा फरक आहे. बाहेर ४५ अंश असताना ३० अंशांच्या खोलीत उतरलं की अंगावर शहारा येतो, पण वाइनसाठी ३० अंश म्हणजे भट्टीच.

जमिनीखाली काही मीटरवरचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ टिकून राहतं. इटलीतल्या तोस्काना भागात ब्रोलिओ किल्ल्यावर रिकासोली घराणं शतकानुशतकं वाइन करतं आहे. तिथली सरासरी साधारण १४ अंश, म्हणून तिथलं तळघर फुकटात थंड. आपल्याकडे नागपूर-अमरावतीची सरासरी २७ अंशांच्या आसपास, म्हणून आपलं तळघर कितीही खोल खणलं तरी २७ ते ३० अंशच देणार. वाइनला १२ ते १६ अंश हवेत. २७ अंशांवर काही महिन्यांतच संत्र्याची वाइन तांबूस पडते, वास शिळा होतो आणि त्यातला सल्फाइटचा (वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनाचा) राखीव साठा संपून जातो.

तरीही वाडा कामाचा आहे. दीड हात जाडीची भिंत थंडी देत नाही, पण दिवस-रात्रीचा फरक पचवते. त्यामुळे खोलीच्या आत खोली करा. ८० ते १०० मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलची (आत फोम भरलेल्या, उष्णता अडवणाऱ्या फळ्यांची) स्वतंत्र पेटी उभी करा, जुन्या भिंतीपासून सगळीकडे किमान एक फूट अंतर सोडून. त्या फटीत बॅटरी घेऊन माणूस डोकावू शकला पाहिजे, कारण उधई लागली तर तिथेच आधी दिसते. पॅनेल भिंतीला चिकटवले तर भिंतीची ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत माती सुटू लागते.

आंबवणीसाठी मात्र निसर्ग आपल्या बाजूने आहे. आंबिया बहाराचं पूर्ण पिकलेलं फळ डिसेंबरात मिळतं आणि तेव्हाच रात्री १२-१३ अंशांपर्यंत उतरतात. हा मुहूर्त सोडू नका. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, त्याची आंबवणी यंत्राच्या थंडीशिवाय करूच नये. साखरेचा एक ब्रिक्स (म्हणजे १०० ग्रॅम रसात एक ग्रॅम साखर) आंबताना रस सुमारे १.३ अंश तापतो. २०० लिटरच्या पिंपातून ती उष्णता बाहेर निघून जाते. २,००० लिटरच्या टाकीतून निघत नाही, रस ३५ अंशांवर जातो, यीस्ट मरतं आणि अर्धी साखर तशीच राहते. पहिली दोन वर्षं लहान पिंपांवरच काम करा.

प्रश्न : तळघरात आंबवणीची पिंपं ठेवली तर वायू साचतो म्हणतात. दिवा घेऊन उतरलं तर पुरे ना?
– काटोल (जि. नागपूर)

पुरे नाही. हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

१०० लिटर रसाला साखर घालून २२ ब्रिक्स केलं, तर आंबवणी संपेपर्यंत त्यातून सुमारे ७ घनमीटर कार्बन डायऑक्साइड निघतो. दहा बाय बारा फुटांचं, सात फूट उंचीचं तळघर २४ घनमीटरचं असतं. अशी चार पिंपं म्हणजे २८ घनमीटर, आख्खं तळघर भरून वर उरेल इतका वायू. तो हवेपेक्षा दीडपट जड आहे, म्हणून तळाशी बसतो आणि पायऱ्या चढून आपोआप बाहेर जात नाही. धान्याच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरलेला माणूस जसा कोसळतो, तसंच इथे होतं.

हवेत ३ ते ५ टक्के वायू झाला की धाप लागते, डोकं दुखतं. १० टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध जाते. दिवा विझायला साधारण तेवढंच प्रमाण लागतं, म्हणजे दिवा विझतो तेव्हा तुम्ही आधीच अडचणीत असता. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, तो ०.५ टक्क्याला वाजेल असा लावा आणि गुडघ्याच्या उंचीवर बसवा. छतापाशी लावलेला मीटर काहीच सांगत नाही. पंख्याच्या पाइपाचं तोंड फरशीपासून वीतभर उंचीवर असावं. हवा वाड्याच्या बाहेर, उघड्यावर सोडा. चौकात सोडली तर ती चौकातच साचते आणि तिथे मुलं झोपतात. पंख्याचं बटण दाराबाहेर हवं. उतरण्याआधी १५ मिनिटं तो चालू ठेवा. वीज गेली तर तळघरात जाऊच नका. खाली कुणी पडलं तर त्याला काढायला दुसऱ्याने धावत उतरू नये. आधी पंखा लावावा, वरून दोर टाकावा. एकामागून एक माणसं अशा घाईतच जातात.

खरं सांगायचं तर आंबवणी तळघरात करूच नका. ती समोरासमोर दारं असलेल्या जमिनीवरच्या कोठीत करा.

प्रश्न : १०० लिटर रसाचं प्रमाण नीट सांगा. परवाना मिळाला आहे, पण पहिली वाइन इतकी कडू झाली की तोंडात धरवेना.
– नरखेड (जि. नागपूर)

आधी कडूपणाचं. संत्र्याच्या बिया आणि फोडीवरच्या पापुद्र्यात एक बेचव पदार्थ असतो. तो आंबट रसात मिसळला की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू असतं. म्हणूनच ताजा रस गोड लागतो आणि संध्याकाळी तोच कडवट होतो. रस उकळला तर हे आणखी लवकर घडतं. अर्धकच्च्या फळात हा पदार्थ जास्त असतो, फळ पिकत जातं तसा उतरतो. तुम्ही बहुधा बाजार पडल्यावर उरलेलं हिरवट फळ सालीसकट दाबलं असणार. सालीतल्या तेलाने यीस्टही दबतं.

तर फळ पूर्ण पिकलेलं घ्या. साल हाताने सोला. फोडी हलक्या दाबाने पिळा, एकही बी फुटता कामा नये. रस १५-२० मिनिटांच्या आत गाळून पापुद्रे वेगळे करा. १०० लिटर रसाला साधारण २४० किलो संत्री लागतात. सोलायला माणसं भरपूर लागतात आणि इथे काटकसर चालत नाही.

रस बहुतेक १० ब्रिक्सचा निघेल. त्यात १० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घाला, त्यातून लिटरला सुमारे ५७ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. १० ते १२ तासांनी पेक्टिन मोडणारं एन्झाइम पाकिटावरच्या मात्रेत घाला, थंड जागी रात्रभर बसू द्या आणि वरचा निवळ रस काढा. आता साखर. १० वरून २२ ब्रिक्स करायला १०० लिटरला १६ किलो साखर लागते आणि रस ११० लिटरांच्या आसपास होतो, म्हणून पिंप १५० लिटरचं घ्या. सगळी साखर एकदम घालू नका. ८ किलो सुरुवातीला आणि ८ किलो हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी तरंगती नळी) निम्म्यावर उतरला की.

वाइनचं सुकं यीस्ट २५ ग्रॅम, ३८ अंशांच्या २५० मिलिलिटर पाण्यात २० मिनिटं भिजवा. डिसेंबरातला रस १५ अंशांवर असेल तर हे गरम यीस्ट त्यात थेट ओतायचं नाही. थोडा थोडा रस मिसळून दोघांतला फरक १० अंशांच्या आत आणा. यीस्टला नत्र हवं म्हणून २५ ग्रॅम डाय-अमोनियम फॉस्फेट दोन हप्त्यांत घाला. हे खाद्य दर्जाचंच हवं. घरात पडलेलं खताचं डीएपी चिमूटभरही घालू नका, त्यात खाण्यायोग्य नसलेल्या अशुद्धी असतात. फवारणीची टाकी किंवा नळीसुद्धा या कामाला कधीच वापरू नये, कितीही धुतली तरी.

१६ ते २० अंशांवर दहा-चौदा दिवस लागतात. आंबवणी सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश पाहून साखर मोजणाऱ्या उपकरणावर) विसंबू नका, दारूमुळे तो जास्त साखर दाखवतो. हायड्रोमीटर ०.९९८ च्या खाली येऊन तीन दिवस तिथेच राहिला, तर आंबवणी संपली. गाळावरून वाइन उपसा आणि दुसऱ्या पिंपात गळ्यापर्यंत भरा. संत्र्याच्या वाइनला हवेचा सगळ्यात मोठा धोका असतो, अर्धं रिकामं पिंप आठवडाभरात तिचा रंग घालवतं. दीड महिन्याने पुन्हा उपसा. साधारण १२ टक्क्यांची, ९० लिटरच्या आसपास वाइन हाती येते.

प्रश्न : ५०० लिटरच्या दोन टाक्या माडीवर ठेवता येतील का? सागवानी तुळया भक्कम आहेत.
– अंजनगाव सुर्जी (जि. अमरावती)

नको. भरलेली टाकी ५५० किलोंच्या वर जाते आणि तो भार अर्ध्या चौरस मीटरवर येतो. राहत्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो धरतात. सागवान कितीही चांगलं असो, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आतून कुजलेलं असू शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही. टाकी खालीच ठेवा, स्वतंत्र चौथऱ्यावर, आणि तो चौथरा जुन्या भिंतीला जोडू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन वेगळे पाये वेगळे हलतात आणि जोड फाटतो.

प्रश्न : कोठीला सिमेंटचा गिलावा आणि शहाबादी फरशी केली. आता भिंतीवर बुरशी आहे, फरशी पांढरी पडली. ब्लीचिंग पावडरने धुवावं का?
– परतवाडा (जि. अमरावती)

ब्लीचिंग पावडर आत आणूच नका. क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आले की ओल्या गोणपाटासारख्या वासाचं एक रसायन तयार होतं. तो वास हवेतून वाइनमध्ये उतरतो आणि कशानेच जात नाही. सागवानी खांब-तुळयांच्या खोलीत हा धोका दुप्पट. टाक्या सोडियम परकार्बोनेटने धुवा, मग साध्या पाण्याने, मग सायट्रिक आम्ल आणि मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाने.

भिंतीचं मूळ दुखणं सिमेंट आहे. विटा-मातीची भिंत जमिनीतली ओल पृष्ठभागावरून बाहेर सोडते, सिमेंटने ती वाट बंद झाली. ओल जिथवर चढली आहे त्याच्या एक फूट वरपर्यंत गिलावा काढा. आधी बाहेरची पन्हाळ आणि अंगणाचा उतार दुरुस्त करा, नाहीतर सगळा खर्च वाया. एक उन्हाळा भिंत वाळू द्या. मग एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू असा गिलावा आणि वरून चुन्याचे तीन हात. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. संत्र्याचा रस आंबट, तो दगड खातो. कडप्पा आणि कोटा यांचंही तेच. धुण्याच्या जागी ग्रॅनाइट किंवा आम्ल सोसणाऱ्या टाइल्स लावा. वाड्याचा मूळ काळा दगड शाबूत असेल तर तोच सर्वांत चांगला, फक्त सांधे भरून घ्या.

प्रश्न : आमचा वाडा आष्टी तालुक्यात आहे. नदीपलीकडे लोक परवाने काढतात, आम्हाला मिळेल का?
– आष्टी (जि. वर्धा)

नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही १९९३ पासून. फळ विका, किंवा वाड्यात रस, मार्मालेड, सालीची कँडी करा. त्याला अन्नसुरक्षेचा परवाना पुरतो.

प्रश्न : जानेवारीत भरलेल्या बाटल्यांची बुचं एप्रिलमध्ये वर आली. वाइन बिघडली का?
– तिवसा (जि. अमरावती)

एक बाटली उघडून ग्लासात ओता. बुडबुडे आले आणि तळाशी नवा गाळ दिसला, तर बाटलीत पुन्हा आंबवणी सुरू झाली आहे. वाइन गोड ठेवली होती आणि साखरेवर यीस्ट जागं झालं. अशा बाटल्या फुटतात, म्हणून पोत्याने झाकून आधी थंड करा आणि मगच उघडा. पुढच्या वेळी गोड वाइन भरण्याआधी बारीक गाळणीतून गाळा आणि सल्फाइटबरोबर लिटरला २०० मिलिग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट घाला.

बुडबुडे नसतील तर कारण उष्णता. १५ अंशांवर भरलेली ७५० मिलिलिटर वाइन ४० अंशांवर सुमारे ५ मिलिलिटर फुगते. बाटलीच्या अरुंद मानेत एवढी वाइन जवळजवळ दोन सेंटीमीटर वर चढते आणि बूच ढकलते. भरताना वाइन २० अंशांवर आणा, बुचाखाली दीड ते दोन सेंटीमीटर जागा सोडा. वर आलेलं बूच ठोकून परत बसवू नका. त्या बाटल्यांत हवा शिरली आहे, त्या वेगळ्या काढा, चाखून पाहा आणि विकू नका.