सूक्ष्मदर्शकासाठी देखणे आवरण

प्रश्न : दिवाणखान्यात ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकावरचे प्लॅस्टिकचे आवरण अगदी कळकट दिसते. घरच्या घरी चांगले आवरण शिवता येईल का?

उत्तर : अवश्य शिवावे. बाहेरून खणाचे कापड फार शोभून दिसेल. मात्र कापडाचे सुटे तंतू भिंगांवर बसतात, म्हणून आतून गुळगुळीत टॅफेटाचे अस्तर लावावे आणि शिवणीच्या कडा दोन थरांमध्ये दडवाव्यात. माप नेत्रिका (डोळा लावून पाहायचा वरचा भाग) बसवलेली असतानाच घ्यावे आणि चहूबाजूंनी २ ते ३ सेंटीमीटर सैल ठेवावे, नाहीतर आवरण काढताना नेत्रिकेला हिसका बसतो. सूक्ष्मदर्शकाचा दिवा पूर्ण निवल्यावरच आवरण घालावे. पावसाळ्यात दमट हवेने भिंगांवर बुरशी धरते आणि ती कापडी आवरणाने थांबत नाही. तेवढे महिने उपकरण ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणेच योग्य.