आजीच्या आठवणींची पुस्तिका वर्षश्राद्धापर्यंत कशी तयार करावी?

तुमचा प्रश्न असा: पाटण तालुक्यातल्या गावात आजींनी आयुष्यभर सुईणपण केलं, बायकांची भिशी चालवली. वर्षश्राद्धाला वाटायला छोटी पुस्तिका काढायची आहे, हातात चार महिने आहेत, सुरुवात कुठून करावी?

गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसांपासून. फोटो, कागदपत्रं कुठे जात नाहीत, ही माणसं जातात. घरच्यांना शेवटी विचारा, कारण एकमेकांशी बोलून बोलून घरातल्या सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या झालेल्या असतात.

‘आजी कशा होत्या?’ असं विचारू नका. ‘लई मायाळू’ एवढं उत्तर येतं आणि बोलणं संपतं. कामाचं विचारा. रात्री बोलवायला कोण यायचं, कंदील कोण धरायचं, नाळ कशाने कापायच्या, बाई अडली तर पाटणला कशी न्यायचे? मोबदला काय मिळायचा: खण-नारळ, लुगडं, पायलीभर धान्य, की काहीच नाही? भिशीचा हप्ता किती, चिठ्ठी कोण उचलायचं, एखादीने हप्ता बुडवला तर आजी काय करायच्या? अशा प्रश्नांतूनच माणूस दिसतो. पहिल्या भेटीत फारसं निघत नाही; आठवड्याने पुन्हा जा, मधल्या काळात त्यांना बरंच आठवलेलं असतं. जुना समूहफोटो असेल तर त्याची झेरॉक्स न्या आणि चेहऱ्यांवर आकडे टाकून नावं लिहून घ्या.

रेकॉर्डिंग फोनवर पुरतं. पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. त्याच रात्री फाइलला नाव देऊन दुसरीकडे प्रत ठेवा.

खरी अडचण सालांची. जुनी माणसं साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात, आणि तुमच्या भागात त्यासाठी पक्की खूण आहे: 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. ‘भूकंपात थोरला पाळण्यात होता’ म्हटलं की जन्मसाल जवळपास हाती लागतं. नये पैसे 1957 साली आले, महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झालं, सुकडी (तेव्हा वाटलेला कोरडा खाऊ) आणि खडी फोडण्याची कामं म्हणजे 1972 चा दुष्काळ. गावात वीज आणि एसटी कधी आली ते ग्रामपंचायतीत विचारून याच यादीत घाला.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. गुरुजी सरसकट तीच टाकत. जन्माची जुनी नोंद तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, मिळू शकते, पण माहेरच्या गावाची वही काढावी लागेल. तिथे बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे फक्त ‘मुलगी’ एवढंच असतं, लिपीही मोडी असू शकते. नाहीच जुळलं तर ‘अंदाजे 1936’ असं छापा. खोट्या नेमकेपणापेक्षा ते बरं.

भिशीची वही सापडली तर तिचं एखादं पान छापायचा मोह होईल. हप्ता कुणी थकवला ते त्यात असतं आणि त्या घरांची नातवंडं जेवायला येणार आहेत, तेव्हा नावं झाका. बाळंतपणांच्या बाबतीत तर त्या-त्या बाईला विचारल्याशिवाय काहीच नको. ‘हजारो बाळंतपणं केली’ असलं वाक्यही नको. चार घरांची नीट हकीकत जास्त सांगते.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा फोटो 600 डीपीआयवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत धुरकट येतो.

छपाईचं थोडक्यात: ए-5 आकार, मध्ये पिना, त्यामुळे पानांची संख्या 4 च्या पटीत. 32 पानांत फोटोंसह साधारण 5,000 शब्द बसतात. डीटीपीवाला युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेतो तेव्हा रफार आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात, म्हणून प्रूफ कागदावरच वाचा आणि आधी फक्त नावं व साल तपासा. मजकूर महिनाभर आधी पूर्ण हवा. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा, दुरुस्त्या तिथेच सर्वांत जास्त निघतात.