तुरुंगातून सुटून नव्याने उभं राहणाऱ्या माणसावरचा चांगला जपानी सिनेमा कोणता?

'अंडर द ओपन स्काय' बघा, २०२० चा, दिग्दर्शिका मिवा निशिकावा. खुनाच्या गुन्ह्यात १३ वर्षं काढून मिकामी नावाचा जुना याकुझा, म्हणजे जपानी गुंडटोळीतला माणूस, बाहेर येतो आणि टोकियोत सरळ मार्गाने जगायचं ठरवतो, पण काम मिळायला ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, ते कधीच बाद झालेलं, बीपी वाढलेलं, सरकारी मदतीवर राहायची लाज वाटते, आणि राग तर जरा काही खटकलं की उसळून येतो. कोजी याकुशोने हा माणूस असा काही केलाय की त्याची भीतीही वाटते आणि कीवही येते.

सुपरमार्केटमधला सीन नीट बघा. मॅनेजर त्याच्यावर चोरीचा आळ घेतो, हा भडकतो, पिशवीत काहीच सापडत नाही, आणि मग तोच मॅनेजर पुढे त्याचा दोस्त होतो. खरी परीक्षा मात्र नंतर, केअर होममध्ये नोकरी लागल्यावर येते, तिथे एका अपंग सहकाऱ्याची टिंगल चालू असते आणि नोकरी टिकवायची तर गप्प बसायला हवं. तो काय करतो ते सांगत नाही, पण मला तरी अख्ख्या सिनेमात तेच सगळ्यात जास्त लागलं, कारण चांगलं वागायचं म्हणजे नेमकं काय हेच तिथे कळेनासं होतं.

आवडला तर याकुशोचाच 'द ईल' पण बघा, १९९७ चा, शोहेई इमामुरांचा. बायकोचा खून करून सुटलेला माणूस गावात न्हाव्याचं दुकान काढतो, कान चित्रपट महोत्सवात पाम द'ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालेला सिनेमा आहे. पण आधी 'अंडर द ओपन स्काय'च बघा, तुम्ही विचारलंय ते त्यात जास्त थेट आहे.